पत्ता काय द्यायचा?

दोस्तहो,

हा अंक दोन महिने उशिरा तुमच्या हातात पडतोय. अनियतकालिकाला कसला आलाय उशीर, असं कुणी म्हणेल. पण उशीर झालाय, आणि त्याचं कारण सांगणं भाग आहे, कारण त्यात तुमच्या वर्गणीतले दोन हजार रुपये अडकलेत. संपादक पुण्यात घर शोधत होता.

परभणीत पाच वर्षं मी पोरांना कॉम्प्युटर शिकवला. खाजगी संस्था. पगार तारखेला कधीच नाही, आणि झाला तर मेहेरबानी केल्यासारखा. आता खराडीत एका कंपनीत लागलोय. बातमी कळल्यावर वस्तीत पेढे वाटले, मायनं शेजारणीला तीनदा पगार सांगितला, आणि मी एक बॅग, एक सतरंजी आणि अंकाच्या उरलेल्या चाळीस प्रती घेऊन रात्रीच्या गाडीनं परळी, लातूर, कुर्डुवाडी करत पहाटे पुणे स्टेशनवर उतरलो. पुढचे तीन आठवडे एका मित्राच्या मित्राच्या खोलीत, पाचजणांत सहावा म्हणून झोपलो.

नव्या ऑफिसातल्या एका भल्या माणसानं मला घर शोधायचं शास्त्र समजावलं. नकाशावर ऑफिस धर. भोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढ. त्यात जिथं उन्हाळ्यात टँकर लागत नाही, पावसाळ्यात रस्ता तुंबत नाही आणि भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात बसतं, तिथं घर घे. झालं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या मनात माझ्याविषयी काहीच नव्हतं. अडचण तीच होती. त्याच्या मनात घराविषयी दुसरं काही यायची वेळच त्याच्यावर कधी आली नव्हती.

मी वर्तुळ काढलं. खराडी, चंदननगर, वडगाव शेरी, विमाननगर, मुंढवा, येरवडा. वर्तुळ काढल्यावर मला कळलं की माझ्या वर्तुळात अजून एक वर्तुळ आहे आणि ते मी काढलेलं नाही.

चौदा घरं बघितली. सगळ्यांची रडकथा सांगत बसत नाही. चारांचं भाडं परवडेना. दोन घरांत खिडकीच नव्हती. बाकीच्या आठांचं थोडक्यात सांगतो. आता कुणी ‘तुझी जात काय’ असं विचारत नाही. एवढी सुधारणा झाली आहे, नोंद घ्या. आता विचारतात, पूर्ण नाव काय. गाव कुठलं. गावात कुठं. वडील काय करतात. नॉनव्हेज खाता का. कुलदैवत कुठलं. ‘आमची फॅमिली सोसायटी आहे’, ‘इथं कम्युनिटी चांगली आहे’, ‘व्हेज असेल तर बरं’. एकीनं विचारलं, घरात फोटो कुणाकुणाचे लावणार? भिंतीला खिळे ठोकलेले चालत नाहीत म्हणून विचारते. खिळ्याची काळजी! मी म्हणालो, दोघांचे. ती समजली. मीही समजलो. खाली आलो.

पण माझं आडनाव जाधव. मराठवाड्यात हे आडनाव कुणाचंही असू शकतं. मराठ्याचं, बंजाऱ्याचं, आमचं. कांबळे, वाघमारे असतो तर फोनवरच काम संपलं असतं. जाधव म्हटलं की दार अर्धं उघडतं आणि मग समोरचा माणूस उरलेलं अर्ध कुणाचं ते हुंगत बसतो.

एजंट चलाख पोरगं होतं. बहुतेक बीडकडचं. त्यानं दुसऱ्याच दिवशी मला बाजूला घेतलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, “सर, तेवढा डीपी बदला. बाकी मी बघतो.”

व्हॉट्सॅपवर माझा डीपी बाबासाहेबांचा आहे. सगळ्यांचा असतो तोच, निळ्या कोटातला.

मी बदलला.

हे लिहिताना हात अडतोय, पण ज्या मासिकातून आम्ही गेली चार वर्षं दुसऱ्यांची सालपटं काढली, त्या मासिकात हे छापलं नाही तर मासिक बंद केलेलं बरं. मी बदलला. सूर्यास्ताचा एक फोटो लावला, कंपनीच्या फोनात आयताच असतो तसला. रात्री अकरा ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, नऊ तास माझ्या फोनवर सूर्य मावळत होता.

सकाळी साडेसातला घर बघायला गेलो. एक खोली, स्वयंपाकघर, गॅलरीतून लांब टेकडी दिसायची. मालक निवृत्त गृहस्थ. काकूंनी चहा आणि चिवडा ठेवला. काका म्हणाले, जाधव म्हणजे कुठले? मी म्हणालो, परभणीचे. परभणीत कुठं? पूर्णा तालुका. वा, तिकडं आमचे पाहुणे आहेत. मी गप्प. भाडं ठरलं, अकरा महिन्यांचा करार ठरला, मी फोनवरून दोन हजार टोकन पाठवलं. माझ्या खात्यात त्या दिवशी तेवढेच होते आणि ते कागदाच्या रिमांसाठी ठेवलेले तुमचे होते. पगार झाला की भरून टाकू, असा हिशेब.

मग काका मोकळे झाले. घरच्या माणसाशी बोलतो तसं बोलायला लागले. “तुमच्याकडं त्या डिसेंबरात काय तो धिंगाणा घातला त्या लोकांनी. पण पोलिसांनी बरी जिरवली.”

दोस्तहो, परभणीच्या वाचकाला त्या डिसेंबरात काय झालं ते सांगायची गरज नाही. बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. १० डिसेंबर २०२४ ला स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. ११ तारखेला बंद झाला, दगडफेक आणि जाळपोळ झाली. त्यानंतर पोलीस वस्त्यांमध्ये घुसले. धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, कायदा शिकायला परभणीत येऊन राहिलेला, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी विजय वाकोडे गेले. परभणीच्या चळवळीत ज्यांची हयात गेली ते. सोमनाथच्या आईनं मदतीचे पैसे नाकारले आणि कोर्टात उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही आदेश कायम राहिला.

हे सगळं मला पाठ आहे. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत कुणाच्या घरात दिवा लागत नव्हता. आणि मी त्या सोफ्यावर बसून, हातात त्यांच्या घरचा कप, म्हणालो, “हो, झालं खरं.”

तीन शब्द.

चहा संपवला. जिना उतरलो. कोपऱ्यावर पानटपरीजवळ उभं राहून डीपी परत लावला. बावीस मिनिटांनी मेसेज आला, ‘रूम पाहुण्यांना दिली आहे. सॉरी.’ टोकनचं विचारलं तर मालक म्हणतो एजंटकडं बघा, आणि एजंट म्हणतो पैसे तर तुम्ही मालकाला पाठवले. दोन हजार गेले. पण खरं सांगू का, दोन हजार परत मिळाले असते तरी ते तीन शब्द परत घेता आले नसते.

आता कुणी वाचक म्हणेल, तक्रार का नाही दिली? कायदा आहे की. आहे. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, कलम ४. कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. सत्तर वर्षांपासून पुस्तकात आहे. पण त्या पाच शब्दांच्या मेसेजात अस्पृश्यता कुठं आहे ती दाखवा. पाहुणे आले. कुणाचेही येतात. प्रस्थापितांचा नकार आता इतका सभ्य झालाय की त्याला सॉरी म्हणता येतं. शिवाय संविधानाचं पंधरावं कलम काढून बघा. दुसऱ्या पोटकलमात दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर, तलाव, घाट, रस्ता आहे. भाड्याचं घर नाही. सतराव्या कलमानं अस्पृश्यता गाडली, पण ती गाडलेली बाई सोसायटीच्या मीटिंगला हजर असते. २००५ साली सुप्रीम कोर्टानं अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला की सदस्यत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायचा पोटनियम सोसायटी करू शकते, कायदेमंडळाला नको असेल तर त्यानं कायदा बदलावा. वीस वर्षं होऊन गेली. कुणाला घाई आहे?

पारशी म्हटल्यावर १९१७ आठवणारच. ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येकानं जयंतीच्या भाषणात ऐकलीय. बाबासाहेब कोलंबियात शिकून, लंडनमार्गे परतून बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि राहायला घर मिळेना. पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन आले, संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपापल्या परीनं हात वर केले. मग कमाटी बागेत बसणं आणि रात्री नऊची मुंबईची गाडी.

भाषणात इथं रडायचं असतं. मीही लहानपणी रडलोय. परवा पाचजणांच्या खोलीत रात्री मोबाईलच्या उजेडात ती आठवण पुन्हा वाचली आणि पहिल्यांदा माझी नजर दुसऱ्याच ठिकाणी अडकली. सराईत जागा पारश्यांनाच मिळायची, म्हणून बाबासाहेबांनी पारशी नाव लावलं होतं. अकरा दिवस ते दुसऱ्याच्या नावानं राहिले. एवढा शिकलेला माणूस, दिवसा संस्थानच्या कचेरीत, रात्री सराईच्या अंधाऱ्या माडीवर खोट्या नावाचा पाहुणा. आणि पुढं त्यांनी ते लिहून ठेवलं. लपवलं नाही. मला माझ्या नऊ तासांची माफी त्यात सापडत नाही. पण लिहून टाकायचं असतं, एवढं सापडलं.

आमच्या घरात वस्ती कुणी निवडली असं माझ्या आधी झालंच नाही. आज्याचं घर गावाच्या पूर्वेला, गावकुसाबाहेर, तिथं त्याला कुणी नकाशा दाखवून ठेवलं नव्हतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपली घरं पेटली. आमचं पेटलं नाही. पण गावानं काम बंद केलं, पिठाची गिरणी बंद केली, आणि आज्या एका बैलगाडीत बसेल एवढं सामान घेऊन पूर्णेला रेल्वेच्या आसऱ्याला आला. जिथं आधी आलेल्यांनी पाल ठोकलं होतं त्याच्या शेजारी त्यानं पाल ठोकलं. का तिथंच? कारण शेजारचा जयभीम म्हणाला. एवढाच निकष. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. तोवर बाप रेल्वेत गँगमन झाला होता आणि पालाच्या जागी पत्रे आले होते. परभणीत, पूर्णेत, औरंगाबादेत आज जी भीमनगरं दिसतात त्यांतल्या कितीतरी घरांच्या पायात त्या साली गाव सोडलेली माणसं आहेत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची आणि समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं केलं. पाटी बदलली. वस्ती आहे तिथंच आहे आणि गावातलं कुठलंही शेंबडं पोरगं समतानगर म्हणजे कुठलं ते बरोबर सांगतं.

मायला फोन केला. डीपीचं सांगितलं नाही. घर मिळत नाही एवढंच सांगितलं. माय म्हणाली, “आपल्या मान्सात ऱ्हाय लेकरा. ते टेकडी-बिकडी काय करतोस? रात्री-बेरात्री दार वाजलं तर कोन उठंल, ते बघून खोली कर.”

ऑफिसातल्या भल्या माणसाचं वर्तुळ आणि मायचं हे एक वाक्य, दोन्ही मी समोरासमोर ठेवली. मायचं जास्त पक्कं आहे. पण त्यालाही दुसरी बाजू आहे. ११ डिसेंबरला दार वाजलं ते कुणाचं? पोलिसांना घरं शोधावी लागली नाहीत. वस्ती म्हणजे आयती यादी. प्रियदर्शिनीनगर, भीमनगर म्हटलं की पत्त्यातच आरोप लिहिलेला असतो. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत पॅंथरच्या पोरांनी हेच भोगलं. चाळी शेजारी-शेजारी होत्या म्हणून पोरं जमली, लढली. आणि चाळी ओळखीच्या होत्या म्हणूनच दगड आणि पोलीस नेमके तिथं पोचले. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव गेला. एकत्र राहिलं की ताकद आणि निशाणा एकाच ठिकाणी तयार होतात. सोसायटीत एकटं राहिलं की निशाणा होत नाही, कारण आपण तिथं नसतोच. तिथं एक सूर्यास्त राहत असतो.

बाबासाहेबांनी तरी काय केलं? दोन्ही केलं. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या परिषदेत स्वतंत्र वसाहतींचा ठराव झाला, की गावाबाहेरच ठेवताय ना, मग आमची गावं वेगळी आणि आमच्या हक्काची द्या. तेच बाबासाहेब परळच्या दोन खोल्यांतून निघून दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधून राहिले, पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून. तिथं ते कुणाचे भाडेकरू नव्हते, हे विसरू नका. आणि त्या राजगृहावरही जुलै २०२० मध्ये कुणीतरी कुंड्या फोडून गेलंच.

तेव्हा ‘वस्तीत राहणं म्हणजे क्रांती आणि फ्लॅटमध्ये राहणं म्हणजे गद्दारी’ असली घोषणा मी करणार नाही. ती करणाऱ्यांची पोरं कुठल्या शाळेत जातात ते मला ठाऊक आहे. आपल्यातल्या फ्लॅटवाल्यांना मात्र एक विचारायचंय. हॉलमध्ये पितळी बुद्ध ठेवता. तो पाहुण्यांना शोभेचा वाटतो, कुणी विचारलं तर ‘पीस ऑफ माइंड’ म्हणता येतं. बाबासाहेबांचा फोटो आत बेडरूममध्ये, कपाटाच्या दाराआड. हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या त्या आठ-दहा फुटांत काय आहे? मी हे हिणवून विचारत नाही. नऊ तासांपूर्वीपर्यंत हिणवलं असतं. १४ एप्रिलला गावाकडं येता, वर्गणी देता, मोठ्या आवाजात बोलता, आणि परत जाताना गाडीच्या काचेवरचं निळं स्टिकर टोलनाक्यापाशी काढता. तुम्हांला कुणी तसं वागायला लावलं ते मी आता जाणतो. एजंटचं ते पोरगं आपल्या प्रत्येकाच्या आत बसलेलं आहे आणि आपुलकीनं बोलतं.

पुढचं सांगतो, कारण वस्तीची आरती ओवाळून हे संपलं तर ते अर्धं खोटं होईल.

मी येरवड्यात गेलो. येरवडा नाव घेतलं की आपल्याला तुरुंग आठवतो. २४ सप्टेंबर १९३२, पुणे करार. स्वतंत्र मतदारसंघ तिथं सोडून द्यावे लागले. मतदारसंघ संयुक्त झाले, घरं विभक्तच राहिली. त्या तुरुंगापासून पायी अंतरावर एका गल्लीत निळा झेंडा, विहार, विहारामागं पोरांची अभ्यासिका, आणि दुमजली चाळवजा इमारतीत वर एक खोली रिकामी. नळाला सकाळी दीड तास पाणी. संडास दोन घरांत एक. खराडीला जायला बस, गर्दीची. मालकीणबाई मूळच्या जिंतूरकडच्या, पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर बांधकामावर आलेल्या. परभणी म्हटल्यावर त्यांनी सतरंजी टाकली. मी मावशी म्हणालो. भाडं ऐकून जीव भांड्यात पडला. मग मावशीनं विचारलं, “आपल्यातलेच ना?”

जयभीम मावशी, म्हणालो.

“तसं नव्हं. बौद्धच ना? मागं एक मांगाचं पोरगं आलं हुतं. पोरगं गुणाचं, पन आमच्या ह्यांना पटंना.”

झालं. गॅलरीतल्या टेकडीच्या घरापासून इथपर्यंत आलो आणि इथंही उंबऱ्यावर तोच प्रश्न, फक्त माझ्या बाजूनं लागलेला. काकांच्या सोफ्यावर मी गप्प बसलो होतो. इथं बोललो. म्हणालो, मावशी, सोमनाथ कोण होता? बौद्ध होता का? वडाराचं लेकरू होतं. ११ तारखेच्या आगीत तो आपल्यासोबत भरडला गेला तेव्हा आपण पोटजात विचारली का? मावशीनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तुमी वाचलेले मानसं. मला समजतंय. पन मी ह्यांना काय सांगू?” वाद अर्धा तास चालला. जिंकलो असं म्हणता येणार नाही. चहा मात्र दोनदा झाला.

मी ती खोली घेतली. खोटं कशाला सांगू? तीन आठवडे सहावा माणूस म्हणून झोपल्यावर तत्त्वाला पाठ टेकायला जागा लागते. मावशीचं मत बदलेपर्यंत मी वाट बघितली नाही. आत राहून भांडेन, असं स्वतःला सांगितलं. हे वाक्य सगळेच स्वतःला सांगतात, तेव्हा तुम्ही त्यावर लक्ष ठेवा.

माझ्याबरोबर परभणीत शिकलेले अजून दोघं याच महिन्यात पुण्यात आले. एक देशमुखांचा. त्याला बाणेरला दोन दिवसांत घर मिळालं. मालकानं स्वतः पाण्याची बाटली आणून दिली, असं कौतुकानं सांगत होता. दुसरा मुसलमान. पुतळ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचं दुकान, बंदच्या दिवशी आमच्या पोरांना पाणी पाजणारा. त्यानं माझ्या दुप्पट घरं बघितली. शेवटी मला फोन करून म्हणाला, तुमच्या गल्लीत बघ ना यार एखादी. मी मावशीला विचारलं. मावशी गप्प. अजून दोघांना विचारलं. गल्ली गप्प. तो कोंढव्याला गेला. त्याचं ऑफिस हिंजवडीला. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो रोज जातो-येतो आणि ते अंतर कुठल्याच नकाशात भाडं म्हणून धरलेलं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत घर मागणाऱ्यांची पाहणी करून २०१५ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत छापली होती. उच्चवर्णीय नावाला होकार, दलित नावाला नकार नाहीतर जादा अटी, मुसलमान नावाला त्याहून वाईट. तेव्हा वाचून मी खाली रेघा मारल्या होत्या. आपली गल्लीही त्या पाहणीत बसते, हे रेघा मारताना सुचलं नव्हतं.

आपल्या मुलींविषयी दोन ओळी, कारण जास्त लिहायचा अधिकार मला नाही, तो त्यांनीच लिहावा. एकटी, नोकरीवाली, बौद्ध मुलगी म्हटल्यावर तिन्ही प्रश्न एकदम येतात. सोसायटी जात विचारते आणि वस्ती चारित्र्य विचारते. आमच्या गंगाखेडच्या एका वाचक भगिनीला आपल्याच भागातल्या घरमालकानं ‘रात्री नऊच्या आत’ अशी अट घातली. तिची शिफ्ट सुटते साडेदहाला. पुढच्या अंकात ती स्वतः लिहिणार आहे, पानं राखून ठेवली आहेत.

आता कामाचं. दरवर्षी आपल्या जिल्ह्यातून पोरंपोरी डिग्री घेऊन पुण्याला, मुंबईला, औरंगाबादला जातात. सरकारनं त्याचं नाव बदललंय, आमच्या तोंडातून अजून जात नाही. ट्रॅव्हल्समधून पहाटे उतरतात आणि बॅग घेऊन कुणाच्या तरी दारात उभी राहतात. कुणाला काही सांगायला लाज वाटते म्हणून सांगत नाहीत. मी चौदा घरांतून जे शिकलो ते असं की पहिल्या फोनलाच जयभीम म्हणा. घर जाईल, पण बसचं भाडं आणि टोकन वाचेल. डीपी तोच ठेवा. करारावर सही होईपर्यंत एक रुपया पाठवू नका, मग समोर चिवडा असो की बासुंदी. घर बघायला दिवसा एकदा आणि रात्री एकदा जा. पाणी किती वाजता येतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारा. जवळपास अभ्यासिका आहे का बघा. नकार आला तर तारीख, वेळ, मेसेज जपून ठेवा. एकाच्या मेसेजात पुरावा नसतो. पन्नासांच्या मेसेजांत काय असतं, ते आपण आपल्या वकील मित्रांपुढं ठेवून बघू.

आणि दुसरं, या अंकापासून आपण खोल्यांची यादी सुरू करतोय. पुणे, पिंपरी-चिंचवड, औरंगाबाद, ठाणे, नवी मुंबई. ज्यांच्याकडं भाड्याची खोली आहे किंवा शेजारी रिकामी झालीय त्यांनी कळवावं. कुणाची दलाली नाही. अट एकच आहे आणि ती मावशीशी झालेल्या वादातून आलीय. जो मालक बौद्ध की मांग की ढोर, हिंदू की मुसलमान असं विचारेल त्याची खोली यादीत येणार नाही, मग त्याच्या दारावर निळा झेंडा असला तरी. म्हणजे मी राहतो ती खोलीही सध्या यादीत नाही. मावशीला मी हे सांगितलंय. ती म्हणाली, “आसं का? मंग ह्यांच्याशी बोलते.” अजून बोललेली नाही.

कायद्यानं मासिकावर पत्ता छापावा लागतो. तोही प्रश्न होता. परभणीचाच ठेवू, सुरक्षित आहे, असं दोघा मित्रांचं मत पडलं. येरवड्याचा छापला तर कंपनीत कुणीतरी वाचेल. मी दोन रात्री विचार केला. पुढच्या अंकापासून पत्रं येरवड्याच्या पत्त्यावर पाठवावीत, तो मागच्या पानावर ठळक छापला आहे. वर्गणी आणि हिशेब मात्र परभणीलाच, कारण संपादकाच्या हातात पैसे ठेवले की काय होतं ते तुम्ही वर वाचलंत. दोन हजारांपैकी एक हजार या पगारातून भरले, उरलेले पुढच्या महिन्यात भरतो. कागद कमी पडला म्हणून अंक आठ पानांनी बारीक झालाय. त्यात ज्यांच्या कविता राहिल्या त्यांनी शिव्या येरवड्याच्या पत्त्यावर पाठवाव्यात.

जयभीम.